जीपची खांदमळणी

घरात लोणी कढवायला घेतलं आणि तुपाचा वास सुटला की अजूनही माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. सुना हसतात. धाकटीनं तर विचारलंच, "आई, मनातल्या मनात शिवणाची मशीन चालवता काय?" मी म्हटलं, "मशीन नाही गं, जीपचा ब्रेक." तेव्हा ती आणखीच हसली. ही हकीकत ठाऊक असणारी आता घरात मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं माहेर देऊळगाव राजाकडचं, सासर बुलढाण्याजवळच्या एका घाटमाथ्यावरच्या खेड्यातलं. घरी भाजीपाल्याची शेती. फुलकोबी, वांगी, मिरच्या आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. माल घाटाखाली मलकापूरला जायचा आणि तिथून रेल्वेनं पुढे. बैलगाडीनं घाट उतरायचा म्हणजे वेळेचा खेळखंडोबा. खाली पोचेपर्यंत सांभार मान टाकायचा. म्हणून माझ्या नवऱ्यानं एक दिवस डिस्पोजलची जीप दारात आणून उभी केली. नवऱ्याला मी 'हे' म्हणायचे, इथंही तेच म्हणते. लढाईत वापरून झालेल्या गाड्या सरकारनं लिलावात काढल्या होत्या, त्यातली एक हात बदलत बदलत आमच्यापर्यंत आली होती. स्टिअरिंग डाव्या बाजूला, वर ताडपत्री, आणि ओढायला चारही चाकं. काळ्या रानातल्या चिखलात जिथं एस.टी. हात टेकायची, तिथून ही आमची बया म्हशीसारखी सावकाश बाहेर यायची. चालायला तिला काही अडचण नव्हती. अडचण होती ती थांबायची.

ब्रेक होते, नव्हते असं नाही. पण ते लागायचे ते आपल्या मर्जीनं. कधी एका बाजूनं धरायचे, कधी दोनदा-तीनदा पाय मारल्यावर जागे व्हायचे. सपाटीवर चालून जायचं. राजूरच्या घाटात मात्र एका उन्हाळ्यात ब्रेकचं पायडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गाडीत हे, माझ्या सासूबाई आणि लिंबांची पोती. यांनी प्रसंगावधान राखून गाडी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घातली. कुणाला खरचटलंही नाही. सासूबाई खाली उतरल्या, लुगडं झटकलं आणि घाट चढून पायी निघाल्या. आमच्या भागातल्या सगळ्याच सुना तेव्हा सासूला आत्याबाई म्हणायच्या. आत्याबाई घरी आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि मग पोराला म्हणाल्या, "त्या सैतानाच्या गाडीत मी पुन्हा बसलो, त मले माय म्हणू नको."

त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यानंतर जीप दारात आली की त्या तोंड फिरवून गोठ्याकडे बघत बसायच्या.

आमची एकच नणंद. तिला दिली होती थेट घाटाखाली, वरवट बकालला. पहिल्या खेपेला तिचं बाळंतपण सासरीच झालं. पावसाळ्यात नाले तुडुंब, वाटा बंद, आणि आम्हाला निरोप मिळाला तेव्हा लेकरू जन्मून दगावलंही होतं. आत्याबाई पोचल्या तेव्हा पोर नुसती छताकडे बघत पडलेली. ते आत्याबाईंनी कधी बोलून दाखवलं नाही, पण घरात कुणाचंही बाळ रडलं की त्यांचा हात थबकायचा. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि पुन्हा तेच पावसाळ्याचे दिवस. सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायची, काही झालं तरी आणायची, असं आत्याबाईंनी मनाशी धरलं होतं.

पण आणायची कशी? त्या भागात एस.टी. आज आली तर उद्या नाही. पोटुशी बाई बैलगाडीत हिंदकळत नांदुऱ्यापर्यंत आणणं म्हणजे विषाची परीक्षा. चिखलातून चालेल अशी एकच गाडी होती, ती आमच्या दारात. आणि ती घाटात सुटली होती ही बातमी वरवटला कधीच पोचली होती. नणंदेच्या सासूनं मिरचीच्या व्यापाऱ्याबरोबर निरोप धाडला. व्यापाऱ्यानं तो शब्दाला शब्द ऐकवला: "बिनब्रेकच्या गाडीत मी माही सून घालत नाही. पोरीची माय सोता त्याच गाडीत बसून घाट उतरून येईन, त मी समजीन गाडी भरोशाची हाये. मग खुशाल घिऊन जा."

मला राग आला, आणि रागाच्या मागोमाग असंही वाटलं की बाई बोलली ते खरंच आहे. मी असते तर हेच म्हटलं असतं. आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली आणि यांना विचारलं, "त्या गाडीले नवे ब्रेक बसतात काय?"

बसतात म्हणाले. आणि लगेच खामगावला गेले.

खामगावहून मिस्त्री आला तो खांद्यावर पोतं घेऊनच. पोत्यात अकोल्याच्या भंगार बाजारातून शोधून काढलेले, आमच्या जीपपेक्षा जड अशा एका गाडीचे पुढचे ब्रेक होते. जुना ड्रम आणि नवा ड्रम त्यानं ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. जुना जेवायच्या ताटाएवढा, तर नवा लहान परातीएवढा. आतल्या बाजूनं खरादावर, म्हणजे लेथवर, फिरवून आणलेला, चकाचक. त्याच्या आत बसून चाकाला धरणारे शूसुद्धा रुंद, त्यांच्यावर ड्रमला घासून गाडी थांबवणारं नवं लायनर ठोकलेलं. मागच्या चाकांचे ब्रेक तसेच ठेवायचे, बदलायचे ते फक्त पुढचे, असं ठरलं होतं. आत्याबाईंना ते पटेना. अर्धंच काम काऊन करता, म्हणून त्या ओट्यावर ठाण मांडून बसल्या.

यांनी मग त्यांना त्यांच्या भाषेत समजावलं. "माय, गाडी-बैल उताराले लागले, त भार कोणावर येते?"

"बैलाच्या खांद्यावर. दुसऱ्या कोणावर येईन?"

"मंग हेच तसं हाये. घाट उतरताना जीपचा सारा भार पुढच्या चाकाइवर येते. हे तिचे खांदे समज. जुने खांदे कमजोर होते, म्हणून जड बैलाचे खांदे बसवून राह्यलो."

आत्याबाईंनी नव्या ड्रमच्या आतून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत होत्या. "खांदे हायेत म्हंता," एवढंच म्हणाल्या आणि उठून पळसाची पानं आणायला गेल्या. कारण तो दिवस खांदमळणीचा होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, पळसाच्या पानानं तूप-हळद लावून मळायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. वर्षभर जू वाहून खांदा सोलवटलेला असतो, त्याला तेवढाच आराम. सगळीकडे हे काम पुरुषमाणसं करतात. आमच्याकडे मामंजी गेल्यापासून आत्याबाईच करायच्या. लोक काय म्हणतात हे विचारायची त्यांची रीत नव्हती.

त्या पानं आणायला गेल्या आणि इकडे मिस्त्रीनं मला बजावलं, "भाभी, एक काम करा. लायनरले आन् ड्रमले तेलकट हात कोणाचा लागू देऊ नका. जरा बी चिकनाई लागली त ब्रेक धरत नाही." मी मान डोलावली. मुलांना हाकललं. सालदाराला, म्हणजे आमच्या वर्षाच्या गड्याला, सांगितलं. आत्याबाईंना सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही, कारण त्या जीपला हात लावतील हे मला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं.

दुपार कलली तेव्हा शू बसवून झाले होते. ड्रम तेवढे ओट्यावर पोत्यावर पालथे-उताणे पडले होते. हे आणि मिस्त्री जेवायला आत आले. मी भाकरी वाढत होते. बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, "आज आवतण घ्या, उद्याले जेवाले या." बैल चार, म्हणून आवतण चारदा. मग थोडं थांबून पुन्हा तोच आवाज, जरा हळू: "आज आवतण घ्या, उद्याले जेवाले या." मला वाटलं, म्हाताऱ्या बैलाला प्रेमानं दोनदा सांगितलं असेल.

जेवून बाहेर आलो तर दोन्ही ड्रमना बाहेरच्या बाजूनं हळदीचं एकेक बोट लागलेलं. मिस्त्री हसला. "मौसीनं पूजा करून टाकली." यांनी ड्रमला हात लावून तो कपाळाला लावला. आपल्या आईनं त्या गाडीला हळद लावली याचंच यांना इतकं अप्रूप वाटलं, की हळद पुसायचं सोडा, तिला धक्का न लागेल अशा बेतानं ड्रम उचलून जागेवर बसवले. मीही बघत होते. आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

मग चाकं चढली आणि नळ्यांतली हवा काढायचं काम निघालं. त्याला दोन माणसं लागतात. एकानं चाकाशी बसून स्क्रू ढिला करायचा आणि एकानं वर बसून ब्रेक पायानं दाबायचा. हे चाकाशी मिस्त्रीला नळ्यांत भरायच्या तेलाचा डबा धरून बसलेले. सालदाराच्या तळपायाला काटा मोडलेला. राहिले मी. लुगड्याचा काष्टा सावरत जन्मात पहिल्यांदा त्या सीटवर चढले. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या; त्यांना फुकटात तमाशा मिळाला होता.

"दाबा... धरा... सोडा." मिस्त्री खालून ओरडायचा आणि मी दाबायचे. पहिल्यांदा पाय सैल भिजलेल्या कणकेत रुतल्यासारखा खाली जायचा. मग हळूहळू कणीक घट्ट व्हावी तसा तो घट्ट होत गेला. शेवटी असा कडक लागला की मला खाली उतरावंसंच वाटेना. दिवेलागणीला मिस्त्री शेवटच्या गाडीनं खामगावला गेला. जाताना यांना म्हणाला, "घाटात नेण्याच्या अगोदर गावात दोन चकरा मारा. लायनर ड्रमले घासून बसू द्या."

पण चकरा मारायच्या केव्हा? दुसऱ्या दिवशी पोळा. हे किल्ली घेऊन निघाले तर आत्याबाई आडव्या झाल्या. "तिलेही आवतण देलं म्या. आज तिच्या खांद्यावर जू नाही." आणि खरोखरच बैलांना घास भरवून झाल्यावर त्यांनी पुरणाची एक पोळी जीपच्या बॉनेटवर नेऊन ठेवली. ती कावळ्यानं नेली तेव्हा त्यांना फार समाधान वाटलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर, त्या दिवशी आमच्याकडे कुणी घराबाहेरचं काम काढत नाही. कर सरली तशी सकाळी आत्याबाईंनी लेकीच्या अंगाखाली घालायला जुनी धुवट लुगडी गाठोड्यात बांधली, देवाला हात जोडले आणि जीपपुढं येऊन उभ्या राहिल्या. पाय उचलवत नव्हता. मी मागून आधार दिला. बसल्या. पुढच्या सीटवर त्या, मागे मी. पोरीसाठी शब्द मोडला त्यांनी, आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही एवढं आम्हा दोघांनाही कळत होतं.

बुलढाणा मागं पडलं. घाटाच्या तोंडाशी जायच्या आधी एक लांबट उतार आहे, दोन्ही बाजूंना सीताफळीचं रान. तिथं गुरांचा कळप आडवा आला. यांनी ब्रेक दाबला. जीप थांबली, पण थांबली ती एका म्हशीच्या शेपटीला टेकून. आत्याबाईंनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. हे म्हणाले, "नवे हायेत, बसले नाहीत अजून." कळप गेला. पुन्हा उतार, पुन्हा ब्रेक. या खेपेला गाडी थांबता थांबता उजवीकडे सरकली. आणि मग वास आला.

खमंग, कढलेल्या तुपाचा वास. तळाशी बेरी लागायला आली की येतो तसा.

आत्याबाईंनी नाक वर केलं. "कोणाच्या घरी लोणी कढवून राह्यले वं?"

मी इकडे तिकडे पाहिलं. घर तर सोडा, एक झोपडीही नव्हती. सीताफळीची झाडं आणि वर घार. मी मागून यांच्या खांद्यावर हात मारला. सासूसमोर नवऱ्याला हात लावायची ती माझी पहिली वेळ. "अहो, थांबवा. घाटात घालू नका गाडी."

"नव्या लायनरचा वास असते तो."

"लायनर काय म्हशीच्या दुधाचे आणलेत? तूप आहे ते! थांबवा म्हणते ना!"

माझा आवाज इतका चढला की यांनी गिअर खाली टाकत, हातब्रेक ओढत घाटाच्या तोंडावरच्या चहाच्या टपरीपाशी कशीबशी गाडी उभी केली. मी आधी उतरले आणि चाकापुढं दगड लावला. पुढच्या चाकातून बारीक धूर निघत होता. पुढं दहा पावलांवर रस्ता खाली वळत होता आणि वळणापलीकडे नुसतं आभाळ दिसत होतं. मी ते पाहिलं आणि दुसऱ्या चाकापुढंही दगड लावला. मग धीर आला. आम्ही वर होतो. वळणाच्या अलीकडे होतो.

यांनी चाक काढलं, फडक्यानं धरून ड्रम ओढला. आतला सगळा चकाचक भाग पिवळसर, ओला, आणि लायनरच्या कडांना बेरी धरल्यासारखं काळपट. हे बघतच राहिले. मग भडकले. "कोणं केलं हे? कोण्या हरामखोरानं केलं? मिस्त्रीनं पैसे घेतले आन्..."

"म्या लावलं," आत्याबाई म्हणाल्या.

त्या टपरीच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर गाठोडं. तोंड पांढरंफटक.

"तूच म्हणलं, हे तिचे खांदे. घाटात सारा भार याच्यावर येते म्हणलं. माही लेक येणार याच्यावर बसून. म्हणून म्या मळले. चांगलं घरचं तूप लावलं. बैलाले लावलं त्याच्याहून जास्त लावलं." मग म्हणाल्या, "आतून गुळगुळीत होतं, तिथंच जू घासत असन असं वाटलं मले."

खांद्याचं यांनीच सांगितलं होतं. हे एकदा ड्रमकडे बघत, एकदा आईकडे. आणि मला हसू फुटलं. हसू नये अशी वेळ होती, सासू समोर होती, टपरीवाला बघत होता, तरी मला आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते हसण्याचं नव्हतं हे मलाही कळत होतं. ते वळण तिथं समोर होतं. आपण वाचलो, एवढंच मनात येत होतं. मग हेही खाली बसून हसायला लागले. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत.

मी पदर खोचला. तुपाचं भांडं राखेनं निघतं हे सांगायला कुणा मिस्त्रीची गरज नाही. टपरीवाल्याच्या चुलीतली कोरडी राख मागून घेतली आणि दोन्ही ड्रम तूप कढवलेली कढई घासावी तसे घासले. लायनर यांनी डब्यातल्या पेट्रोलनं धुतलं, वाळवलं, काचकागदानं खरवडलं, पुन्हा धुतलं. घासताना माझी बोटं हुळहुळली. ड्रम कोरडाठाक होऊन बोटाखाली चिरकायला लागला तेव्हा कुठे मी तो सोडला. ड्रम बसले, चाकं बसली. मी सीटवर चढून पाय दाबला. तोच घट्टपणा. यांनी सपाट रस्त्यावर मागं-पुढं चार चकरा मारल्या आणि प्रत्येक वेळी गाडी जिथल्या तिथं उभी राहिली.

तरी मला धीर होईना. मी म्हटलं, "आत्याबाई, आज परत जाऊ. मिस्त्रीला दाखवू, मग येऊ."

त्या उठल्या. गाठोडं काखेत मारलं आणि कुणाचाही हात न धरता जीपमध्ये जाऊन बसल्या. "त्या दिशी गाडीनं दगा देला होता," म्हणाल्या. "आज तिचा काही दोष नाही. म्याच तिच्या पायाले तूप लावलं. म्या लावलं, त मीच अगोदर बसतो. चाल बापा, पोरगी वाट पाहून राहिली असन."

आम्ही घाटाला लागलो. पहिलं वळण संपलं आणि आत्याबाई म्हणाल्या, "थांबव." यांनी थांबवली. "चाल." थोडं खाली गेल्यावर पुन्हा, "थांबव." पुन्हा थांबली. मागून एक ट्रक येत होता, त्याचा ड्रायव्हर आम्हाला शिव्या घालून पुढं गेला. आत्याबाईंनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. प्रत्येक वळणाला थांबव, चाल, थांबव, चाल. यांच्या पायाला गोळे आले असतील, पण हे शहाण्या मुलासारखे थांबत होते. निम्मा घाट उतरला आणि दोन वळणं गेली तरी 'थांबव' आलं नाही. मी वाकून पाहिलं. दांडीवरचा त्यांचा हात सुटला होता. त्या सीताफळीकडे बघत म्हणाल्या, "औंदा फळ लय धरलं." माझा जीव तेव्हा भांड्यात पडला.

मोताळा, नांदुरा, पुढं पूर्णा उतरून चिखलाच्या वाटा. चारही चाकं लावून जीप गुरगुरत वरवटला पोचली तेव्हा दुपार टळली होती. इहीणबाई, म्हणजे नणंदेची सासू, दारातच उभ्या. त्यांनी आधी आत्याबाईंना पाहिलं, मग गाडीला प्रदक्षिणा घातल्यासारखी एक चक्कर मारली. "बसूनच आल्या म्हणा की, इहीणबाई. कसे हायेत ब्रेक?"

आत्याबाई पायावर पाणी घेत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "जिथं म्हणलं तिथं उभी राह्यली." हे अक्षरशः खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. नणंद मागे माझ्याजवळ, पाठीशी उशा, पायाखाली गादी. नांदुऱ्याच्या पुढं तिनं नाक ओढलं. "वहिनी, तूप कढवल्यावानी वास येते काय वं?" लायनरात मुरलेलं थोडं राहिलंच असणार. हे खोकले. आत्याबाई म्हणाल्या, "भूक लागली असन तुले. पोटुशीले असे वास येतात." आणि मागं वळून माझ्याकडे बघत हसल्या. घाटाच्या तोंडावर हसल्या नव्हत्या ते हसू त्यांनी इथं वापरलं.

घाट चढताना सगळ्यात खड्या वळणावर पुढं बैलगाड्यांची रांग अडली होती. एकीचा आस मोडला होता. आमच्या मागं ट्रक येऊन उभा. जीप चढावर, मागे सरकायला हातभर जागा नाही, आणि नणंद माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. यांनी ब्रेकवर पाय दिला. गाडी तसूभरही हलली नाही. पुढच्यांनी आस बांधेपर्यंत, गाड्या एकेक करून वाट सोडेपर्यंत ती तशीच उभी होती, दावणीला बांधलेल्या बैलासारखी. नणंदेची झोपही मोडली नाही. आत्याबाईंनी मागं हात करून पोरीच्या केसांवरून फिरवला आणि तो हात गाडी चालू होईपर्यंत तिथंच ठेवला.

नणंदेला दसऱ्यानंतर मुलगी झाली. चांगली ठणठणीत, आवाज घाटाखाली ऐकू जाईल असा. तिच्या रडण्यानं आत्याबाईंचा हात थबकला नाही.

पुढच्या पोळ्याला नणंद लेकीला घेऊन माहेरी आली होती. खांदमळणीच्या दिवशी मी चुलीशी होते. चार बैलांची चार आवतणं ऐकू आली आणि मग बाहेर सगळं शांत झालं. माझा पाय जमिनीवर दाबला गेला. मी पळतच दारात आले. आत्याबाई जीपपुढं उभ्या होत्या, एका कडेवर नात, दुसऱ्या हातात तूप-हळदीची वाटी. पण वाटीत बोट घातलेलं नव्हतं.

"बरं झालं आली," त्या म्हणाल्या. "हिचा खांदा कोणता, ते तूच दाखव."

मी वाटी आपल्या हातात घेतली आणि त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला. नातीनं वाटीत मूठ घातली होती; तीही तिनं तिथंच थापली.